रावसाहेबांचे लाडू

ग्वाल्हेरला हरिशंकरपुरमच्या आमच्या घरी इतिहास सुरू व्हायचा तो वीज गेल्यावर. मे-जूनमध्ये दिवसभर लू वाहायची आणि रात्री जेवणं उरकत आली की हटकून अंधार. मग चटया, उशा, सुराही, हातपंखे असा सगळा सरंजाम छतावर. नानांनी संध्याकाळीच बादल्या ओतून छत निववलेलं असायचं, तरी फरशीतून धग वर येत राहायची. आजी मधोमध, नाना कठड्याशी मुढ्यावर, आणि आत्या माहेरी आलेली असली तर दोघांच्या मध्ये, म्हणजे दोघांनाही खोडून काढायला सोयीचं.

नाना झाशी रोडवरच्या एजी ऑफिसातून निवृत्त झालेले. 28 मे 1948 ला ग्वाल्हेर संस्थान मध्य भारतात विलीन झालं, जिवाजीराव महाराज राजप्रमुख झाले. पुढे 1 नोव्हेंबर 1956 ला मध्य प्रदेश झाला आणि राजधानी भोपाळला गेली. ग्वाल्हेरच्या वाट्याला महालेखापालांचं ऑफिस, महसूल मंडळ अशी खाती आली. "राज्य गेलं, हिशेब राहिला," असं नाना म्हणायचे, आणि त्या हिशेबावर लष्कर भागातल्या कितीतरी मराठी घरांच्या पुढच्या पिढ्या जगल्या. गोठीतल्या वाड्यातल्या दोन अंधाऱ्या खोल्या सोडून आमचं घर हरिशंकरपुरमला आलं तेही या ऑफिसामुळेच. आजीला ते कधी पटलं नाही. लष्करातल्या बाड्याच्या चौकापासून इतक्या लांब राहणं म्हणजे तिच्या लेखी गाव सोडल्यासारखंच होतं. भाजीसुद्धा ती पुष्कळ वर्षं लष्करातूनच आणवायची.

नाना सांगत ते तारखांनी, आजी सांगायची ते जेवणाने. कोणत्याही प्रसंगाचं तिचं पहिलं वाक्य कोण जेवलं, दुसरं काय जेवलं. लढाई कोण जिंकलं हे आपणहून विचारावं लागायचं. पुढे मी वाचायला लागले तेव्हा नानांच्या तारखा बहुतेक बरोबर निघाल्या. तरी मी जास्त रेंगाळले ती आजीच्या पंगतींमध्ये. त्या पुस्तकांत क्वचित सापडतात, आणि सापडल्या की लेखकाने नाक मुरडून एका ओळीत उरकलेल्या असतात.

नानांची सुरुवात ठरलेली. दौलतराव शिंद्यांनी 1810 च्या सुमारास ग्वाल्हेरच्या किल्ल्याच्या दक्षिणेला तळ दिला. तळ म्हणजे हलायचाच, पण हा हललाच नाही. राहुट्यांची घरं झाली, घरांचे वाडे झाले, आणि छावणीचं लष्कर नावाचं शहर झालं. कंपू, शिंदे की छावणी, निंबाळकरांची गोठ, चिटणिसांची गोठ, फाळके बाजार, दौलतगंज, जनकगंज, खासगी बाजार ही नावं नाना हजेरी घेतल्यासारखी म्हणत. त्यांतल्या सरदारांचे वंशज कोण, कुणाचा वाडा विकला गेला, कुणाच्या अंगणात आता कोचिंग क्लास आहे, हेही त्यांना पाठ. आजी मध्येच विचारायची, "एवढी फौज आली, तर तिचं पीठ कोण दळत होतं?" नानांकडे याचं उत्तर नसायचं. फाळक्यांच्या घरातल्या सरदार आनंदराव भाऊंनी ‘शिंदेशाही इतिहासाची साधने’ ग्वाल्हेरलाच छापली, ते खंड नानांनी वाचनालयातून आणून वाचलेले. त्यात खलिते होते, तहनामे होते. जातं नव्हतं.

पानिपताचीही तीच गत. नाना 14 जानेवारी 1761 म्हणून थांबायचे. महादजी जखमी, पाय कायमचा अधू. आजी तिथून पुढे सुरू करायची. राणेखान नावाचा भिस्ती पखाल घेऊन चालला होता. त्याला हा जखमी तरुण दिसला. त्याने त्याला पखालीतलं पाणी पाजलं, आपल्या बैलावर घातलं आणि दक्षिणेकडे वाट धरली. पुढे महादजींनी त्याला भाऊ मानलं, सेनापतिपद दिलं. हे सगळं इतिहासात आहे. आजीची भर एवढीच की महादजी मोठे झाल्यावरसुद्धा राणेखान भाईंच्या हातचं पाणी आधी घेत आणि मग ताटाला हात लावत. हे तिने कुठून आणलं कोण जाणे. आमच्या घरात मात्र सोवळ्यातली आजी ही गोष्ट सांगताना जराही अडखळायची नाही. गोरखीत बीडच्या मन्सूरशहांचं स्थान आहे, शिंदे घराणं त्यांना गुरू मानतं, हेही ती त्याच दमात सांगायची. मुंबईच्या एका नातेवाइकाने एकदा यावर भुवई उंचावली, तर म्हणाली, "तुमच्याकडे नसेल. आमच्याकडे आहे."

आता जून 1858.

ही गोष्ट आमच्या घरची खास, कारण तिच्यात आमचं माणूस आहे. आजीच्या सासऱ्यांचे आजोबा. त्यांचं नाव मी इथे देत नाही. घरातसुद्धा त्यांना नुसतं ‘थोरले’ म्हणतात. आजी सांगायची ती अशी: झाशीवाली बाई आली, तात्या टोपे आले, रावसाहेब पेशवे आले. जयाजीराव महाराज आग्र्याला निघून गेले. मग रावसाहेबांनी फुलबागेत दरबार भरवला आणि गावातल्या यच्चयावत ब्राह्मणांना जेवायला बोलावलं. रोज पंगती, रोज लाडू. आणि त्या पंगतीत आपले थोरले जेवले. एवढं सांगून ती पंखा उलट्या हातात घ्यायची. पुढे काय झालं, थोरले राणीच्या बाजूचे की महाराजांच्या, इंग्रज परत आल्यावर त्यांचं काय झालं, यातलं काही तिच्याकडून मिळायचं नाही.

नानांचे दिवस मोजलेले असायचे. 1 जूनला जयाजीराव मुरारजवळ बहादूरपूरला सामोरे गेले, त्यांची फौज बहुतेक सगळी पलीकडे मिळाली. 3 जूनला दरबार. 16 ला इंग्रजांच्या ह्यू रोझने मुरार घेतलं. 17 ला कोटा की सरायला राणी पडली. इथे तिच्या समाधीवर मेळा भरतो तो 18 जूनला. 19-20 ला लष्कर आणि किल्ला इंग्रजांकडे, आणि महाराज परत. म्हणजे रावसाहेबांचं राज्य जेमतेम अडीच-तीन आठवड्यांचं.

ही पंगत आजीची एकटीची नाही. दत्तात्रय बळवंत पारसनीसांनी 1894 मध्ये राणीचं चरित्र लिहिलं, तिथपासून पुढे राणीच्या चरित्रांत ती येत राहते. शत्रू दारात असताना रावसाहेब ब्राह्मणभोजनात आणि दक्षिणेत गुंतले, आणि राणीला ते मुळीच रुचलं नाही, असा तिचा रोख. चरित्रकारांच्या जागी कोणीही असंच चिडेल. मीही शाळेत असताना रावसाहेबांवर भलती चिडले होते. समाधीवर शाळेची सहल गेली तेव्हा बाईंनी ही हकिगत सांगितली. सगळी वर्गमैत्रीण मंडळी हळहळली आणि मी गप्प, कारण आमचा माणूस त्या पंगतीत पानावर बसलेला.

पण थोडं थांबून रावसाहेबांच्या बाजूनेही बघायला हवं. ते नानासाहेबांचे पुतणे. चाळीस वर्षांपूर्वी बुडालेली पेशवाई पुन्हा उभी आहे हे लोकांना पटवायचं कसं? पुण्यात रमण्यात दक्षिणा वाटली जायची, त्याच्या कहाण्या सांगणारी म्हातारी माणसं तेव्हा हयात होती. दरबार, शिक्का, पंगत आणि दक्षिणा ह्या चार गोष्टी झाल्या की राज्य आहे असं त्यांच्या ओळखीच्या जगाला कळत असे. लढाईच्या हिशेबाने ती चूकच. इंग्रज त्या उन्हातही चालून आले. मात्र ती निव्वळ खादाडपणाची चूक होती असं मला आता म्हणवत नाही. रावसाहेबांना 1862 साली कानपूरला फाशी झाली. तात्यांना त्याआधीच, 18 एप्रिल 1859 ला, इथून जवळच शिवपुरीला.

दक्षिणेसाठी माणूस किती लांब जाई याचा मराठीतला सर्वांत जिवंत पुरावा त्याच वर्षांतला आहे. पेणजवळच्या वरसईचे विष्णुभटजी गोडसे. घरावर कर्ज, आणि बायजाबाई शिंदे मथुरेला मोठा यज्ञ करणार अशी बातमी आली म्हणून पायी उत्तरेकडे निघाले. वाटेत बंडात सापडले, झाशीच्या वेढ्यातून जिवानिशी सुटले. त्यांचा ‘माझा प्रवास’ चिंतामणराव वैद्यांनी 1907 मध्ये छापला. मी तो कॉलेजात वाचला आणि पहिल्यांदा वाटलं की अरे, हे तर आजीसारखं सांगतायत. तोफगोळे पडतायत आणि भटजींना आज भात शिजला की नाही याची काळजी. त्यांच्या डोळ्यांनी बघितलं म्हणजे 1858 मध्ये माणसं दोन बाजूंना उभी दिसत नाहीत, वाटेवर दिसतात, गाठोडं सांभाळत.

थोरल्यांचा प्रश्न मात्र मिटला नाही, उलट वाढला, तो एका हंड्यामुळे.

गोठीतल्या वाड्यातून हरिशंकरपुरमला सामान आलं तेव्हा एक तांब्याचा हंडा आला होता. हंडा म्हणण्यापेक्षा डेग म्हणावी. मी लहानपणी त्यात बसून लपत असे, इतका मोठा. दोन बाजूंना कड्या, कड्यांतून बांबू घातल्याशिवाय हलायचा नाही. आमचं घर जेमतेम दहा माणसांचं. एवढ्या भांड्याचं आम्ही करत काय होतो? जिन्याखाली तो उपडा असायचा, त्यावर वर्तमानपत्रांची रद्दी. एका दिवाळीला काकूने तो चिंचेने घासायला काढला आणि काठाखाली ठोकून काढलेली अक्षरं दिसली. मोडी. नानांना मोडी वाचता येत असे, पण त्यांची दृष्टी तेव्हा गेलेली. त्यांनी बोटांनी चाचपलं, बराच वेळ. पुढे मोडी जाणणाऱ्या एका गृहस्थांना मी फोटो दाखवला. पहिला शब्द स्वच्छ होता: खासगी. त्यापुढे वजन, शेरांत. बाकीचं झिजलेलं.

खासगी म्हणजे शिंद्यांच्या घरचा खर्च बघणारं खातं. म्हणजे भांडं आमचं नव्हतंच. ते सरकारी मुदपाकखान्यातलं.

मग कोडं उलगडायला फारसं डोकं लागत नाही. ज्याच्या घरात पाचशे पानांचं भांडं येऊन पडतं तो माणूस पंगतीत जेवणारा नसतो, पंगतीला रांधणारा असतो. जूनच्या उन्हात, फुलबागेत, भट्टीवर बुंदी पाडणारे आणि पाकात हात घालून लाडू वळणारे जे कोणी होते, त्यांतले एक थोरले. ही माझी अटकळ, कागद नाही. पण त्या उन्हाची कल्पना मला आहे. इथल्या जूनमध्ये गॅसवर चहा करायचा तरी जीव नकोसा होतो, आणि रोझच्या फौजेतले गोरे शिपाई वाटेत उष्माघाताने कोसळत होते हे त्यांच्याच नोंदींत आहे.

मी हे नानांना सांगितलं तर ते म्हणाले, "मला वाटलंच होतं." कधीपासून वाटत होतं ते त्यांनी सांगितलं नाही. आत्या भडकली. आमच्या घराण्यात आचारी? आत्याच्या मते हंडा बक्षीस मिळाला असणार, महाराजांनी खूश होऊन दिला असणार. "भांड्यावर खात्याचं नाव ठेवून बक्षीस देतात होय?" असं काकूने विचारल्यावर दोघी दोन दिवस एकमेकींशी सुनेच्या मार्फत बोलत होत्या.

आजी तेव्हा अंथरुणाला खिळलेली. तिला मी सरळच विचारलं, की थोरले जेवायला होते की वाढायला? ती पुष्कळ वेळ छताकडे बघत राहिली. मला वाटलं ऐकू गेलं नाही. मग म्हणाली, "वाढणाऱ्याला कोणी विचारतं का, तू कुणाकडचा?" आणि थोड्या वेळाने, "जेवणाऱ्यांना विचारलं होतं. नंतर."

या ‘नंतर’चा अर्थ लष्करात राहणाऱ्याला सांगावा लागत नाही. सराफ्यात कडुनिंबाच्या झाडापाशी अमरचंद बांठियांचं स्मारक आहे. ते शिंद्यांच्या गंगाजळी खजिन्याचे खजिनदार. बंडवाल्या फौजेला पगारासाठी त्यांनी खजिना उघडून दिला, आणि इंग्रज परतल्यावर 22 जून 1858 ला त्यांना त्याच बाजारात फासावर लटकवलं. ज्या शहरात ही किंमत डोळ्यांदेखत मोजली गेली, तिथे कुणाच्या पंगतीला आपण काय करत होतो हे कोण सांगेल? आणि दहा-वीस वर्षांनी, महाराज पुन्हा गादीवर स्थिर असताना तर मुळीच नाही. मग स्वराज्य आलं, राणीचा पुतळा घोड्यावर बसला, आणि त्याच पंगतीत असणं ही मिरवायची गोष्ट झाली. तेव्हा कुणीतरी, बहुधा आजीच्या सासऱ्यांनी, गोष्ट पुन्हा बाहेर काढली. काढताना थोरल्यांना भट्टीवरून उठवून पानावर बसवलं. लाडू तेवढे ठेवले.

हंडा परत का केला नाही, हाही प्रश्न होताच. त्यावर आजीचं उत्तर ठाम: "मागायला कोणी आलं नाही."

बाकीच्या गोष्टी आता मला निराळ्या ऐकू येतात. जयविलास महाल 1874 साली उभा राहिला, प्रिन्स ऑफ वेल्स येणार म्हणून. मायकेल फिलोजने बांधला. दरबार हॉलमधली दोन झुंबरं साडेतीन-साडेतीन टनांची. ती पेलतील की नाही हे बघायला छतावर हत्ती चढवले ही गोष्ट तर गाइडपासून रिक्षावाल्यापर्यंत प्रत्येक जण सांगतो. आजीने कधीतरी विचारलं होतं, "वर त्यांना खायला काय घातलं?" आम्ही तेव्हा हसलो होतो. जेवणाच्या टेबलावर रुळांवरून फिरणारी चांदीची आगगाडी, ब्रँडी आणि चिरूट घेऊन जाणारी, तिचंही तसंच. पाहुणे तिच्याकडे बघत असणार. मी आता बघते ते भिंतीकडे, जिथे कोणीतरी डबे भरून उभं असणार.

गाण्याचंही. ग्वाल्हेर घराण्याचा अभिमान आमच्याकडे आंधळा आहे, आणि तो तसा असण्याला कारणं आहेत. हद्दू खाँ, हस्सू खाँ इथले. हस्सू खाँ अवघड तान घेताना गेले, बरगडीच मोडली, हे आत्या स्वतः ऐकल्यासारखं सांगते. ती माधव संगीत महाविद्यालयात शिकली. भातखंड्यांनी माधवराव महाराजांच्या आश्रयाने 1918 मध्ये काढलेलं ते, आणि पुढे राजाभैया पूछवाले तिथे प्राचार्य. त्याआधी 1914 मध्ये कृष्णराव शंकर पंडितांनी स्वतःची शाळा सुरू केलेलीच होती. पण महाराष्ट्रात ही गायकी पोचली ती बाळकृष्णबुवा इचलकरंजीकरांमुळे. त्यांनी ग्वाल्हेरच्या वासुदेवबुवा जोशांकडून विद्या घेतली, ती मिरज-इचलकरंजीकडे नेली, आणि त्यांच्या हाताखालून विष्णु दिगंबर पलुसकर निघाले, ज्यांनी 1901 मध्ये लाहोरला गांधर्व महाविद्यालय काढलं. आत्या इथवर येऊन थांबते, बहुधा एखादी चीज गुणगुणत. मला आता पुढचं विचारावंसं वाटतं. गुरूकडे राहणारा तो मुलगा जेवायचा कुठे? त्या काळच्या कुणाही शिष्याच्या चरित्रात एक-दोन पानांवर उत्तर असतं: माधुकरी, वार लावून जेवणं, गुरुपत्नीची मर्जी. ग्वाल्हेरच्या तानेखाली लष्करातल्या घरांचे कोरडे घास आहेत. त्यांचे बोल कोणी लिहून घेतले नाहीत.

तानसेन समारोहाला डिसेंबरच्या थंडीत आम्ही सकाळीच जायचो, कारण रात्रीच्या मैफलींआधी मकबऱ्यापाशी ढोलीबुवा महाराजांची हरिकथा असते आणि मौलानांचं मिलाद. शहनाई, हरिकथा, मिलाद, चादर, या क्रमाने. आजीला फक्त हरिकथेत रस. कीर्तनकारांनी एकनाथांचं पितरांच्या पंगतीचं आख्यान लावलं की ती डोळे पुसायची. नाना थरमॉसमधला चहा पुढे करायचे.

रेल्वेचं थोडक्यात सांगते, कारण तो नानांचा प्रांत. माधवराव महाराजांची दोन फुटी रुळांची गाडी 1909 मध्ये श्योपूरला पोचली. जवळजवळ दोनशे किलोमीटर, आणि आमच्या मावशीआजीला सबलगडला सोडायला तिच्यातून जायचं म्हणजे डबा तीन वेळचा. 2020 मध्ये ती बंद पडली, रूळ रुंद करायला. त्या श्योपूरला 1917 मध्ये गजानन माधव मुक्तिबोधांचा जन्म झाला. ते हिंदीत लिहून मोठे झाले, धाकटे बंधू शरच्चंद्र मराठीत. एका घरातली दोन मुलं, दोन्ही कवी, दोन भाषांत. आमच्या भागातल्या मराठी घरांत याचं कुणाला नवल वाटत नाही. नाना पंचांग मराठीतून बघत आणि फायली हिंदीतून लिहीत.

मराठीसाठी ग्वाल्हेरने केलेला सर्वांत मोठा समारंभ 1961 चा. अखिल भारतीय मराठी साहित्य संमेलन इथे भरलं आणि अध्यक्ष कुसुमावती देशपांडे होत्या. संमेलनाच्या इतिहासात स्त्री अध्यक्षस्थानी बसली ती पहिल्यांदा, आणि तीही आमच्या गावात. राजकवी तांब्यांना जाऊन तेव्हा वीस वर्षं झाली होती, पण त्यांची गाणी घरोघरी होती. ते मुंगावलीचे, म्हणजे ग्वाल्हेर संस्थानातलेच, म्हणून या संमेलनात गावाची मान आधीच ताठ. नाना रजा टाकून मंडपात जाऊन बसले. त्यांनी सगळी भाषणं ऐकली, उतारे वहीत उतरवले.

आजीने एकही ऐकलं नाही. गोठीतल्या घराघरांत पुण्या-नागपूरकडचे पाहुणे उतरलेले. आमच्या दोन खोल्यांतसुद्धा. अंगणात तीन विटांच्या चुली मांडल्या, हंडा उचलायला शेजारचे चार पुरुष आले, आणि त्यात गोठीतल्या बायकांनी मिळून पुरण शिजवलं. हंडा त्याआधी कित्येक वर्षांत चुलीवर चढला नव्हता. कल्हईवाल्याला बोलावून आतून चकाकवून घेतला. "एवढ्या पुरणाला गूळ किती हे तुला कसं कळलं?" असं मी विचारलं होतं. तिला प्रश्नच कळला नाही. सासूने सांगितलं होतं. सासूला तिच्या सासूने. आमच्या घरात लग्नाकार्यांना बाहेरचा आचारी कधी आला नाही, बायकांनाच सगळं येतं, याची बढाई आत्या अजून मारते. ते कुठून येतं याचा विचार तिने केलेला नाही, किंवा केलाय आणि सांगत नाही.

मराठी साहित्याच्या इतिहासात त्या संमेलनाची नोंद पहिली स्त्री अध्यक्ष म्हणून आहे, आणि व्हायलाच हवी. मला मात्र राहून राहून वाटतं की मंडपापासून फारशा लांब नसलेल्या त्या अंगणातल्या बायकांपैकी एकीला तरी अर्धा तास कुणी मोकळं करायला हवं होतं. नानांना हे बोलून दाखवलं तेव्हा ते प्रामाणिकपणे चकित झाले. "तिने म्हटलं नाही कधी," म्हणाले. आजी तिथेच होती. ती म्हणाली, "पुरण चांगलं झालं होतं. दोघंतिघं विचारायला आले, कुणी केलं म्हणून."

आता नाना नाहीत, आजी नाही. वीज पूर्वीइतकी जात नाही, आणि गेली तरी इन्व्हर्टर आहे, त्यामुळे छतावर कोणी चढत नाही. पाण्याच्या टाक्या आणि डिश अँटेना तिथे राहतात. हरिशंकरपुरममधल्या बहुतेक घरांसारखी आमच्या घराचीही मुलं पुणे, बंगळूर, नोएडा. संक्रांतीला ती येतात तेव्हा तिळगुळाबरोबर गजक नेतात. ग्वाल्हेरचा मेळा मात्र सगळ्यांना हवा असतो. 1905 पासूनचा तो मेळा; माधवराव महाराजांनी गुरांच्या बाजारासाठी सुरू केला, आता लोक तिथे वाहनकराची सवलत मिळते म्हणून गाड्या घ्यायला जातात आणि कडाक्याच्या थंडीत सॉफ्टी खातात. काकू खजल्याच्या दुकानापाशी उभी राहून मैद्याचे पदर मोजते. तिला कुठल्याही खाण्याचं तंत्र नुसतं बघून कळतं.

लाडूंवरून मात्र घरात अजून दोन तट आहेत. आत्याच्या मते रावसाहेबांचे लाडू नया बाजारातल्या बहादुराच्या लाडवांसारखे असणार, साजूक तुपातले, मऊ बुंदीचे. काकू म्हणते, शक्यच नाही. पाचशे पानांना, जूनमध्ये, पाठीवर फौज असताना बारीक कळ्यांचे लाडू कोण वळत बसेल? जाड बुंदी, पक्का पाक, की टिकेल. तिने एकदा करूनही दाखवले, परातभर. टिकले खरे. आत्याने दोन खाऊन पाहिले आणि दातांच्या डॉक्टरांचा नंबर मागितला.

सध्या वाद निराळ्या मैदानावर आहे. न्यू जर्सीच्या चुलतभावाने कुठल्याशा ॲपवर आमची वंशावळ चढवली आहे आणि सगळ्यांना त्यात लिहायची परवानगी देऊन ठेवली आहे. प्रत्येक नावापुढे व्यवसायाचा रकाना आहे. थोरल्यांपुढे त्याने आधी ‘सरदार’ टाकलं होतं, कारण ग्वाल्हेरचे म्हणजे सरदारच अशी तिकडे समजूत. आत्याला तेही जड गेलं; तिने ‘वेदमूर्ती’ केलं. काकूने एका दुपारी चष्मा लावून ते खोडलं आणि ‘आचारी, मुदपाकखाना’ असं लिहिलं, शिवाय हंड्याचा फोटो जोडला. फोटो दुसऱ्या दिवशी गायब. तिने परत लावला. चुलतभावाने वैतागून दोघींना फोन केला, तर दोघींनी त्यालाच झापलं, की इतकी वर्षं तिकडे राहून तुला काय कळतंय. या आठवड्यात त्या रकान्यात ‘खासगीकडे नोकरी’ असं आहे. ते कोणी लिहिलं याचा पत्ता लागलेला नाही, आणि काकूने अजून उघडून पाहिलेलं नाही.